जिनिंगच्या ठरावातली गाळलेली अट

मी ग्रामसेवक होतो. नोकरीची सगळी वर्षं यवतमाळ जिल्ह्यातच गेली. निवृत्त झालो तेव्हा पंचायत समितीत हार-नारळ झाला आणि गटविकास अधिकारी भाषणात म्हणाले की यांच्या प्रोसिडिंग बुकात कधी खाडाखोड सापडली नाही. ते खरंच होतं. ज्या ठरावाबद्दल आता लिहितो आहे, त्यातही एक खाडाखोड नाही. अक्षर स्वच्छ आहे, समास सोडलेला आहे, खाली सह्या आणि अंगठे आहेत. फक्त ग्रामसभेत जे ठरलं ते त्यात नाही.

आता माझं वय झालं आहे. मधुमेह आहे, एका डोळ्याने कमी दिसतं. ज्या बाईच्या नावावर ही गोष्ट गेली वीसेक वर्षं लागलेली आहे ती हयात आहे, मीही आहे. म्हणून लिहितो.

गाव पांढरकवड्यापासून बसने अर्ध्या तासावर. नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. ते कापसाचे वाईट दिवस होते. सरकारी एकाधिकार खरेदीची केंद्रं एकेक करून बंद पडत होती. आपल्या जिल्ह्याचं नाव वर्तमानपत्रात रोज येई, आणि कशासाठी येई ते सगळ्यांना माहीत होतं. बाहेरून गाड्या यायच्या, माणसं प्रश्न विचारायची, फोटो काढायची आणि जायची. कचेऱ्यांमध्ये मात्र एकच बोलणं होतं: शेतीवरचा भार कमी करा, तालुक्यात उद्योग आणा, हाताला काम द्या. मागास भागात कारखाना काढणाऱ्याला सरकारकडून विक्रीकरात सवलत होती, विजेत सवलत होती. गावानेही आपल्या हातात असेल ते द्यावं, असं सांगितलं जाई. गावाच्या हातात तीन गोष्टी होत्या. एक ना-हरकत दाखला, दुसरी पंचायतीच्या करात काही वर्षांची सूट, आणि तिसरी ई-क्लास जमीन. ई-क्लास म्हणजे गावाची ढोरं चरायला राखून ठेवलेली सरकारी जमीन. ती द्यायची तर आधी ग्रामसभेचा ठराव लागे, मग कागद तहसीलमधून वर जाई.

आमच्या गावाला जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना, येणार असं ठरलं, तेव्हा सरपंचपद बायांसाठी राखीव होतं आणि सरपंच होती पस्तिशीच्या आतबाहेरची एक शेतकरी घरची सून. सातवी शिकलेली. वाचायची, पण बोट ठेवून, हळू. बहुतेक गावांत त्या काळी बाई सरपंच झाली की खुर्चीवर तिचा नवरा बसायचा. इथे नवरा वावरात असायचा. त्याला चारचौघांत बोलायचं म्हटलं की घाम फुटे. बाई स्वतः यायची, स्वतः विचारायची. मला ती ‘भाऊ’ म्हणे.

तिची एकच अडचण होती, आणि ती गावातल्या कोणत्याही बाईला असती. तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, गावातला वजनदार माणूस होता. सगळ्यांत जास्त ढोरं त्याचीच. ग्रामसभेत तो पुढच्या रांगेत मांडी घालून बसे. आमच्याकडे सून भासऱ्यासमोर तोंड वर करून बोलत नाही. डोक्यावर पदर घेते, बोलायचंच झालं तर तिसऱ्याला सांगते आणि तो तिसरा ते पुढे सांगतो. सरपंच झाली म्हणून ही रीत मोडावी असं तिला वाटलं नाही, भासऱ्याला तर नाहीच. म्हणून तो सभेत असला की ती माझ्याकडे तोंड करून, त्याला ‘मोठ्या घरचे’ म्हणत, हळू आवाजात बोले, आणि मी ते मोठ्याने सभेला सांगे. दोन वर्षं असं चाललं होतं. गावाला त्याची सवय झाली होती. पोट्टे मला ‘बाईचा भोंगा’ म्हणत. मलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

जिनिंगची ग्रामसभा शाळेच्या पडवीत झाली. एरवी वीस-पंचवीस माणसं जमवताना शिपायाचा जीव जाई. त्या दिवशी पडवी भरून माणसं अंगणात उभी होती. पंचायत समितीचे विस्तार अधिकारी आले होते. जिनिंगवाल्या शेठचा मॅनेजर नकाशाची गुंडाळी घेऊन बसला होता. त्याने आधी जिनिंगचं वर्णन केलं: इतकी यंत्रं, इतक्या गाठी, गावाचा कापूस गावातच विकला जाईल, वाहतूक वाचेल, काम मिळेल.

भासऱ्याने विचारलं, “अन् ढोरं काय यंत्रावर चारू?”

मागून कोणीतरी म्हणालं, “काका, सरकी तिथंच निघन, ढोराईची ढेप तिथंच भेटन. ढोरं नेऊन गेटाशी बांधा ना.”

सगळे हसले. भासराही हसला, पण उत्तर मिळेपर्यंत खाली बसला नाही.

बाई माझ्याकडे वळली. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, “भाऊ, मोठ्या घरच्याईले सांगा, जमीन फुकट नाही द्याची. घरामागं एक माणूस जिनात लागला पाह्यजे. मोठ्या घरचाही पोरगा लागन.”

मी मोठ्याने सांगितलं. कुजबुज झाली. भासरा खाली बसला. त्याचा मोठा मुलगा दहावी नापास होऊन घरी होता.

“अन् सांगा, दोन हंगामात कामं नाही देल्ली तं जमीन वापस गावाची.”

मी सांगितलं. मॅनेजरने विस्तार अधिकाऱ्यांकडे पाहिलं.

“अन् अर्ध्या बाया.”

मी सांगितलं, “आणि कामावर घेतलेल्यांपैकी निम्म्या स्त्रिया असाव्यात.”

यावर भासऱ्याने मांडीवर थाप मारली. “बाया गाठी बांधतीन काय आता?” पडवीत हशा पिकला. तो स्वतः इतका हसला की त्याला खोकला आला.

बाई हसली नाही. “भाऊ, त्याईले पुसा, वावरात कापूस कोण वेचते? जे हात कापूस वेचते त्याले रुईतला कचरा नाही दिसत काय?”

मी पुसलं. आता बाया हसल्या. भासऱ्याने हात हलवून ‘होऊ द्या’ केलं. हात वर झाले. एकही माणूस विरोधात नव्हता. या तीन अटी माझ्या कानांनी ऐकल्या, माझ्या तोंडाने सभेला सांगितल्या आणि एका कोऱ्या कागदावर टिपून खिशात घातल्या.

आता ठराव लिहिण्याची आमची पद्धत सांगायला हवी, कारण बाहेरच्या माणसाला वाटेल की सभेतच लिहिला गेला असेल. सभेत प्रोसिडिंग बुकात फक्त विषयाचा मथळा टाकायचा, पुढची दीड-दोन पानं कोरी सोडायची आणि त्याखाली सह्या-अंगठे घ्यायचे. लोक सही करून वावरात निघून जात. ठराव मागाहून, सवडीने, घरी बसून लिहायचा. तालुक्यातले सगळे ग्रामसेवक असंच करत. मीही सुरुवातीपासून तेच केलं होतं आणि त्यामुळे कधी काही बिघडलं नव्हतं. लोकांचा विश्वास होता. आणि मी तोवर तो मोडला नव्हता.

चहाच्या वेळी मॅनेजरने मला बाजूला विचारलं, “साहेब, मुलगा काय करतो आपला?”

मी म्हटलं, बी.कॉम. झाला, घरीच आहे.

“वजनकाट्यावर शिकलेला माणूस लागेलच आम्हाला,” एवढंच तो म्हणाला आणि दुसऱ्याशी बोलायला गेला.

पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मुलाची नोकरी नंतरची, ठरावाशी तिचा संबंध नव्हता. नोकरी नंतर लागली हे बरोबर. पण हा प्रश्न ठराव लिहिण्याच्या दोन दिवस आधी विचारला गेला होता, हेही तेवढंच बरोबर.

दुसऱ्या दिवशी विस्तार अधिकाऱ्यांनी मला बोलावून एक टाइप केलेला नमुना ठराव दिला. जिनिंगच्या फाइलमधूनच तो आला होता. ‘ही ग्रामसभा असा ठराव करते की, स्थानिक रोजगार निर्मितीच्या दृष्टीने...’ अशी सुरुवात. जमीन देण्याची शिफारस, ना-हरकत, करात सूट, सगळं होतं. अट एकही नव्हती.

मी म्हटलं, “सभेत अटी ठरल्या आहेत, साहेब.”

“अटीचा ठराव तहसीलमधून वापस येते. मंग पुन्हा सभा, पुन्हा कोरम. तोवर शेठ दुसऱ्या तालुक्यात जाते. गावाले जिनिंग पाह्यजे का अटी पाह्यजे?”

माझ्याकडे उत्तर होतं. गावाने दोन्ही मागितलं होतं. मी ते दिलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पांढरकवड्याच्या घरी टेबलाशी बसून नमुना जसाच्या तसा उतरवला. खिशातला टिपणाचा कागद फाडून चुलीत टाकला. मला आदेश दिला गेला, असंही मी नंतर म्हणत आलो. आदेश नव्हता. सल्ला होता, आणि तो मला सोयीचा होता.

बाईपुढे बुक नेलं तेव्हा ती तुरीला फवारा मारून आली होती, हात धुतले तरी औषधाचा वास येत होता. मी पान उघडून धरलं.

“वाचून घ्या,” मी म्हटलं. म्हणालो खरा.

“तुम्हीच लिहिलं ना भाऊ? मंग मी काय वाचू,” ती म्हणाली आणि पानोपानी सही केली.

वर्षभरात जिनिंग उभं राहिलं. कुंपण पडलं, शेड आली, काटा आला. दिवाळीनंतर फीत कापून उद्घाटन झालं. मोठे लोक आले, रोजगार निर्मितीवर भाषणं झाली, माझ्याही गळ्यात हार पडला. आठ दिवसांनी दोन ट्रक भरून मजूर उतरले. ठेकेदाराने दुसऱ्या राज्यातून आणलेली टोळी होती. शेडमध्येच राहणार, तिथेच स्वयंपाक, सकाळपासून दिवे लागेपर्यंत काम, सणाची सुट्टी नाही, वावराची घाई नाही. गावातले लागले तिघं: दोन चौकीदार आणि पिण्याचं पाणी भरायला एक म्हातारी. आणि काट्यावर माझा मुलगा, जो गावातला नव्हता.

ठेकेदाराचंही एक म्हणणं होतं, ते नोंदवून ठेवतो. जिनिंगचा हंगाम आणि कापूस वेचणीचा हंगाम एकच. गावातली माणसं आठवड्यातून चार दिवस येतील, हे त्याला परवडत नव्हतं. पण हे सभेत कोणी बोललं असतं तर गावाने त्यावर काहीतरी काढलं असतं, पाळ्या लावल्या असत्या. ते बोलायची जागा ठराव होता, आणि ठरावात अटच नव्हती.

गाव पंचायतीवर आलं. भासरा पुढे होता. त्याचा मुलगा दोनदा गेटवरून परत आला होता. बाई खुर्चीवर बसली होती. भासरा दारात दिसताच तिने पदर ओढून घेतला. तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. ती मला म्हणाली, “भाऊ, ठराव वाचून दाखवा सगळ्याईले. तहसीलात तोच तं धरून न्याचा आहे.”

मी बुक काढलं आणि वाचलं. न वाचण्याचे मार्ग होते. चावी नाही म्हणता आलं असतं. मी वाचलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, नेहमीच्या आवाजात.

बाई माझ्याकडे वळून हळू म्हणाली, “भाऊ, हे नाही. अटी कुठी हायेत? मी सांगतलेल्या अटी?”

ती माझ्याकडे पाहत राहिली. मी ते मोठ्याने सांगेन याची ती वाट पाहत होती. दोन वर्षं तिचं प्रत्येक वाक्य मी सभेला सांगत आलो होतो.

मागून कोणी विचारलं, “बाई काय म्हणून राह्यली?”

मी म्हणालो, “पानोपानी त्यांची सही आहे. वाचूनच केली आहे.”

मी अट गाळली ही एक गोष्ट. पण त्या दिवशी तिचं वाक्य मी पुढे सांगितलं नाही, आणि त्याच्या जागी माझं वाक्य ठेवलं, ही दुसरी. ही पहिलीपेक्षा मोठी आहे. अटी सभेत बोलल्या गेल्या होत्या हे साऱ्या गावाला आठवत होतं. त्या ठरावात नाहीत, आणि सही बाईची. लोकांनी जो अर्थ काढायचा तो काढला. भासरा उठला. “चला,” तो लोकांना म्हणाला, “आपल्याच घरानं विकलं गावाले.” तो बाईकडे न पाहता बाहेर गेला.

ती स्वतः का बोलली नाही, असं आजचा वाचक विचारेल. मला वाटतं तिचा विश्वासच बसला नव्हता. आणि भासरा निघून गेल्यावर बोलायला तिथे ऐकणारं कोणी उरलं नव्हतं.

माणसं पांगल्यावर तिने मला एवढंच विचारलं, “काहून केलं?”

“वरून तसं सांगितलं होतं.”

“मंग तसंच सांगा ना गावाले.”

“सांगतो. पुढच्या सभेत.”

पुढची सभा अविश्वासाची निघाली. तहसीलदार आले. शेठने बाईला सोनं केलं, अशी बोलवा तोवर गावभर होती. तिच्या हातात काचेच्या बांगड्यांशिवाय काही कोणी कधी पाहिलं नव्हतं, तरी होती. सदस्यांनी हात वर केले. मी कोपऱ्यात बसून कागदपत्रं लावून देत होतो. मी काही बोललो नाही. त्या उन्हाळ्यात माझी बदली उमरखेडकडे झाली, मी मागितली होती तीच. मुलगा तीन हंगाम काट्यावर राहिला, मग नागपूरला गेला. सवलतीची वर्षं सरली आणि त्यापुढच्या हंगामात जिनिंगचं गेट उघडलं नाही. यंत्रं ट्रकवर चढली. कुंपण आणि शेड अजून आहे. ढोरं कुंपणाबाहेरून जातात.

गेल्या वर्षी पांढरकवड्याला एका लग्नात गेलो होतो. जेवताना शेजारी त्या गावचे दोघं बसले होते, माझ्या वेळी शाळेत असतील अशा वयाचे. मी कोण ते कळल्यावर त्यांनी आदराने नमस्कार केला. एक म्हणाला, “काकाजी, तुमच्याच वेळचं ना जिनिंग? त्या बाईनं ठराव फिरवला थे.”

दुसरा म्हणाला, “काकाजी काय करतीन? ते बिचारे लिहिणारे. सरपंच म्हणन तसं लिहा लागते.”

माझ्या पानात वाढपी मसालेभात वाढत होता. मी ‘पुरे’ म्हणालो. मला बिचारा म्हटलं गेलं आणि मी जेवून उठलो.

पुढच्या सोमवारी बसने गावात गेलो.

बाई छपरीत बसून सुपात तूर पाखडत होती. केस पांढरे झाले आहेत. मला तिने लगेच ओळखलं. “या भाऊ,” म्हणाली, सुनेला पाणी आणायला सांगितलं. नवरा गेल्याचं मला माहीत होतं. मी त्याबद्दल दोन शब्द बोललो आणि मग ज्यासाठी आलो ते बोललो. विस्तार अधिकारी, नमुना, मॅनेजरचा प्रश्न, फाडलेला कागद, सगळं. तिने मध्ये थांबवलं नाही. सूप हलत राहिलं.

“मले माहीत होतं,” ती म्हणाली. “खरं कारण नव्हतं माहीत. आता कारण समजलं.”

“माफी मागायला आलो.”

“मले सांगून काय फायदा? मले तं पटलेलंच हाये का मी नाही केलं.” तिने सूप खाली ठेवलं. “मोठ्या घरी जा. त्याईले सांगा. तवापासून त्याईनं या घरचं पाणी नाही घेतलं.”

“तुम्ही येता?”

“मी कायले येऊ? तुम्हीच सांगत होते तवा. आताही तुम्हीच सांगा.”

मोठं घर तिथून तिसरं. भासरा अंगणात बाजेवर बसला होता, ऐंशीच्या पुढे गेलेला, अंगात बंडी. मी नाव सांगितलं. त्याने हात कानामागे धरला. पुन्हा सांगितलं. त्याची सून आतून म्हणाली, “बावाजीले ऐकू नाही येत, काकाजी. जोरानं बोला.”

मी जोराने बोललो. “मी ग्रामसेवक!”

“कोणता?”

“जिनिंगच्या वेळचा!”

तेवढ्यावर समोरच्या घरातली बाई दारात आली. मी बाजेच्या कडेला बसून त्याच्या कानाशी तोंड नेलं, पण त्याने मान हलवली, तसंही येत नाही. म्हणजे हे ओरडूनच सांगावं लागणार होतं. वाटेत बसमध्ये मी शब्द जुळवून ठेवले होते, ‘त्या वेळची परिस्थिती’ वगैरे. ओरडताना ते शब्द वापरता येत नाहीत.

“ठरावातली अट मी काढली!”

“काय काढलं?”

“अट! घरामागं एक माणूस! जमीन वापस! बाईनं नाही काढली! मी काढली!”

आता गल्लीत पाच-सात माणसं झाली होती. नळावरच्या बायांनी पाण्याचे गुंड खाली ठेवले. भासरा माझ्याकडे पाहत राहिला. त्याचे ओठ हलत होते, हिशोब लावत असावा.

“म्हणजे तिनं नव्हतं सांगतलं काढायले?”

“नाही!”

“अन् त्या रोजी वाचताना ते काही तरी बोलली. तुम्ही म्हणलं, सही हाये म्हणून. काय बोलली ते?”

“म्हणाली, अटी कुठे आहेत!”

मग तो म्हणाला, तो हळूच म्हणाला असावा पण बहिऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो, “माह्या भावाच्या मातीले मी रस्त्यावरून वापस आलो. अंगणात नाही गेलो. ते तुम्ही काढून देता काय आता?”

मी तिथे बसून राहिलो. त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि आडवा झाला. थोड्या वेळाने मी उठलो.

बाईच्या छपरीत परत आलो तेव्हा तिने डोकं वर न करता म्हटलं, “ऐकलं. शाळेपावतर आवाज गेला तुमचा.”

मी खाली बसणार तोच ती म्हणाली, “पण भाऊ, पुन्हा राह्यलं.”

“काय राहिलं?”

“बाया राह्यल्या. घरामागं माणूस सांगतला तुम्ही, जमीन वापस सांगतली. अर्ध्या बाया मी सांगतल्या होत्या. ते आजही गाळलं.”

मी उभाच राहिलो. खरंच राहिलं होतं. मुद्दाम नव्हतं, पण हे मी आता कोणत्या तोंडाने म्हणणार?

“जा,” ती म्हणाली. “पुरं सांगून या.”

मी परत गेलो. गल्लीतली माणसं अजून तिथेच होती, उलट वाढली होती. भासरा भिंतीकडे तोंड करून पडलेला. त्याच्या सुनेने त्याच्या खांद्याला हात लावून त्याला वळवलं.

“अजून एक अट होती!” मी ओरडलो. “निम्म्या बाया घ्यायच्या! तीही बाईनं सांगितली होती! तीही मी काढली!”

नळावरची एक बाई हसली. तिला ही गोष्ट नवीनच होती. “बरं होतं की मंग,” ती दुसरीला म्हणाली.

भासरा उठून बसला. वेळ लागला त्याला. पाय बाजेखाली सोडून त्याने चप्पल चाचपली, पण घातली नाही.

“हे आठवते मले,” तो म्हणाला. “बायाईचं. मी हासलो होतो तवा.”

मी मान हलवली.

“लय हासलो होतो.” तो थांबला. “तिले सांगा, मोठ्या घरचे म्हणते, आठवते. मी हासलो होतो ते आठवते म्हणा.”

मी बाईच्या छपरीत परत गेलो आणि त्याचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. बाईने ऐकलं. पदर डोक्यावर होताच, तो तिने पुन्हा सारखा केला, जसा तो समोर असताना करायची. मग सुनेला हाक मारून म्हणाली, चहा टाक, आणि एक कप जास्त टाक, मोठ्या घरी पाठवायचा आहे. घेतात का नाही पाहू.